‘माझ्याकडे तर चालतंय’

२०१९च्या मे महिन्यात, यवतमाळचं ऊन ऐन भरात असताना, मी आणि माझ्या तीन मित्रांनी केलेल्या प्रोजेक्टने पांढऱ्याशुभ्र कापसाला कचरा ठरवलं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. जिनिंगमध्ये येणाऱ्या कापसात काडीकचरा किती आहे हे कॅमेऱ्याने मोजायचं, म्हणजे भाव पाडताना व्यापाऱ्याचा हात आणि शेतकऱ्याचं तोंड यांच्यामध्ये निदान एक आकडा तरी उभा राहील, अशी आमची भाबडी कल्पना. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतला, त्याला कॅमेरा जोडला. फोटोतला प्रत्येक ठिपका ० ते २५५ या मापात किती उजळ आहे ते पाहायचं. ६०च्या खाली असेल तर तो कचरा. घरी, हॉस्टेलवर, एका ओळखीच्या जिनिंगच्या आवारात पन्नासेक वेळा चालवून पाहिलं. कचरा चार टक्के, पाच टक्के, जसा दिसायचा तसा आकडा यायचा.

तोंडी परीक्षेच्या दिवशी पायची केबल प्रोजेक्टरला लागेना. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, लॅबच्या डेस्कटॉपवर चालवा की, प्रोग्रॅम तोच आहे ना? प्रोग्रॅम तोच होता, फोटोही तोच. स्क्रीनवर आकडा आला : कचरा ९६ टक्के. परीक्षक शांतपणे म्हणाले, “हा कापूस घेणार कोण?” मागे बसलेली पोरं खिदळली. आणि मी ते वाक्य बोललो, जे या धंद्यात दिवसातून शंभर वेळा बोललं जातं : “सर, माझ्याकडे तर चालतंय.”

काय झालं होतं ते मला दीड वर्षानंतर, पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. सी भाषेत एक बाइट ठेवायला ‘कॅर’ नावाचा प्रकार आहे. त्यात ० ते २५५ मावतं की उणे १२८ ते १२७, हे भाषेचं प्रमाणपुस्तक सांगत नाही. ते कंपायलर आणि प्रोसेसरच्या रिवाजावर सोडून दिलंय. लिनक्स चालवणाऱ्या एआरएम प्रोसेसरवर, म्हणजे आमच्या पायवर, तो शून्यापासून सुरू होतो. लॅबच्या डेस्कटॉपमधल्या इंटेलवर तो उण्यापासून सुरू होतो. त्यामुळे २०० उजळपणाचा पांढरा ठिपका डेस्कटॉपवर उणे ५६ झाला, उणे ५६ हा ६०पेक्षा लहान, म्हणून कचरा. जितका कापूस पांढरा तितका तो नक्की कचरा! एका शब्दाची दुरुस्ती होती, कॅरच्या आधी ‘अनसाइन्ड’ लिहायचं. कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे आणि मी ती बऱ्याच पार्ट्यांमध्ये सांगून हशा मिळवलाय. पण गेली काही वर्षं मी लायब्ररी लिहिण्याचंच काम करतो आणि आता मला तिचं हसू येत नाही. कारण ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य आपल्या अख्ख्या सॉफ्टवेअरच्या धंद्याचं धोरण झालंय, आणि त्याचा भुर्दंड ज्यांच्यावर पडतो ती माणसं परीक्षेला हजर नसतात.

लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. अनेक प्रोग्रॅमना लागणारं एकच काम एकदाच नीट लिहून ठेवायचं आणि सगळ्यांनी ते वापरायचं, त्या तयार तुकड्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. तुम्ही हा लेख वाचताय त्यातली जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसणं, रफार डोक्यावर जाऊन बसणं, हे काम क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांच्यात हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तुमच्या फोनमध्ये एआरएम असेल, ऑफिसात इंटेल असेल; ‘कर्तृत्व’ दोन्हीकडे ‘कर्तृत्व’च दिसतं. ते आपोआप होत नाही. कुणीतरी स्वतःकडे नसलेल्या मशीनचा विचार करून लिहिलेलं असतं, म्हणून होतं.

प्रोसेसरांच्या जाती का असतात हे समजवायला यवतमाळच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. आमच्याकडे शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, १९९४पर्यंत वाफेचं इंजिन. या रुळांवरून वऱ्हाडचा कापूस निघायचा आणि मूर्तिजापूरला येऊन थांबायचा, कारण तिथून पुढे मुंबईकडे जाणारी मोठी लाइन, रूळ साडेपाच फुटांचे. शकुंतलेचा डबा त्यावर चढूच शकत नाही. मग माल उतरवा, पुन्हा चढवा. कापूस तोच, पण रूळ बदलला की कुणालातरी पाठीवर गाठी घ्याव्या लागतात. एआरएम, इंटेल-एएमडीची एक्स-८६, आयबीएमची पॉवर, नवी रिस्क-फाइव्ह हे सगळे वेगवेगळ्या मापाचे रूळ आहेत. एकासाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चढत नाही. मूळ मजकुरातून पुन्हा तयार करावा लागतो. आणि कापसाच्या गोष्टीत दिसलं तसं, कधीकधी तो चढतो, पण आतला माल बदललेला असतो.

मूर्तिजापूरचं नाव निघालंच आहे तर सांगतो. विजय भटकर त्याच तालुक्यातल्या मुरंबा गावचे. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ आला, ही गोष्ट आमच्याकडे शाळेत भाषण-स्पर्धेत पाठ करून म्हणतात. मीही म्हटली आहे, बक्षीसही मिळवलंय. पण त्या भाषणात एक भाग कधीच नसतो. परम ८००० ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर उभा होता, आणि ट्रान्सप्युटर नव्वदच्या दशकातच बाजारातून गेला. पुढचा परम ८६०० इंटेलच्या आय-८६०वर. परम ९००० आणि १९९८चा परम १०००० सन कंपनीच्या स्पार्कच्या घराण्यावर. परम पद्म आयबीएमच्या पॉवरवर. २००८चा परम युवा इंटेल झिऑनवर. २०२०चा परम सिद्धी एनव्हिडियाच्या ए-१०० या जीपीयूवर. २०२४चा परम रुद्र, ज्याचा एक संच नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामाला दिला, तो पुन्हा झिऑनवर. नाव एकच ‘परम’, पण तेहतीस वर्षांत रुळांचं माप इतक्या वेळा बदललं.

दर वेळी हवामानाचे, रेणूंचे, भूगर्भाचे जे प्रोग्रॅम आधीच्या मशीनवर धावत होते, ते नव्यावर कुणीतरी उतरवून चढवले. वेग गेला तर पुन्हा कमावला, उत्तर दशांशात सरकलं तर का सरकलं ते शोधलं. ही माणसं मूर्तिजापूरच्या फलाटावरच्या हमालांसारखी आहेत. उद्घाटनाच्या फोटोत नारळ, फीत, मंत्री आणि कपाटाएवढं मशीन असतं. बातमीत ‘इतके पेटाफ्लॉप’ असा आकडा असतो. त्या आकड्यापर्यंत खरा प्रोग्रॅम पोचतो की नाही हे ज्यांच्यावर अवलंबून, त्यांचा उल्लेख नसतो.

आता देशाच्या स्वतःच्या चिपची हवा आहे. आयआयटी मद्रासची शक्ती, सी-डॅकची वेगा, दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर; एआरएमच्या रचनेवर सी-डॅकचा ऑम. माझा यातल्या कशालाही विरोध नाही, मला त्याचं कौतुकच आहे. विरोध आहे तो चिप आली की स्वातंत्र्य आलं, या समजुतीला. चिप म्हणजे शेत. बी-बियाणं, अवजारं, विहीर, रस्ता काही नसताना सातबाऱ्यावर नाव लागलं, म्हणून कुणाच्या घरी कापूस आल्याचं ऐकलंय का?

ही गोष्ट चिन्यांना आपल्या आधी कळली. ते कसं, हे आपल्याकडच्या प्रत्येक चिप-परिषदेत सांगायला हवं असं मला वाटतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या बहुतेक वैज्ञानिक कामाच्या तळाशी, आणि आजच्या एआयच्याही, एक कंटाळवाणी क्रिया असते : आकड्यांच्या मोठ्या चौकटींचा गुणाकार. काझुशिगे गोटो नावाच्या जपानी माणसाने टेक्सासच्या विद्यापीठात बसून हा गुणाकार एकेका प्रोसेसरसाठी हाताने, जवळजवळ प्रोसेसरच्याच बोलीत लिहिला. त्याची लायब्ररी त्याच्याच नावाने ओळखली जायची : गोटोब्लास. तो ते काम सोडून पुढे गेला आणि लायब्ररी पोरकी झाली. त्या काळात बीजिंगच्या विज्ञान अकादमीतल्या एका प्रयोगशाळेपुढे प्रश्न होता चीनच्या लूंगसन या चिपचा. चिप होती, पण तिच्यावर गुणाकार धीमा, म्हणून कुणी तिला विचारेना. झांग शियानयी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये गोटोची पोरकी लायब्ररी दत्तक घेतली, लूंगसनसाठी तिच्यात नव्याने काम केलं, आणि ती सगळ्या जगाला खुली ठेवली. नाव ओपनब्लास. इंटेल, एएमडी, एआरएम, पॉवर, रिस्क-फाइव्ह, सगळ्यांसाठीचे मार्ग तिच्यात हळूहळू आले. आज तुम्ही पायथन शिकणाऱ्या एखाद्या पोराला नमपाय बसवून दिलंत, तर बहुतेक वेळा त्याच्या पोटात ओपनब्लास असते. पुसदच्या पोराच्या लॅपटॉपमध्येसुद्धा.

त्या लायब्ररीची रचना पाहण्यासारखी आहे. एका जातीतल्या वेगवेगळ्या प्रोसेसरांचे मार्ग एकाच गाठोड्यात बांधून देता येतात. प्रोग्रॅम सुरू झाला की ती आधी विचारते, बाबा तू कोण, तुझ्याकडे कोणती अवजारं आहेत? २५६ बिटांची रुंद पट्टी असेल तर तो मार्ग, १२८ बिटांची असेल तर तो. ओळखीचं काहीच नसेल तर सर्वांत साधा मार्ग, जो धीमा आहे पण बरोबर आहे. माझ्या मते हा शेवटचा साधा मार्ग हीच चांगल्या लायब्ररीची परीक्षा. तो नसेल तर बाकीची चलाखी व्यर्थ. पण आमच्याकडे नेमका तोच आधी कापतात. ‘हे कोण वापरतंय?’ म्हणत.

कोण वापरतं ते सांगतो, कारण त्यात मीही आरोपी आहे.

माझ्या कंपनीत मी ज्या लायब्ररीवर काम करतो ती खेड्यापाड्यांतल्या ॲपसाठी आहे. नेट नसताना फॉर्म फोनमध्येच साठवायचा, कागदपत्रांचे फोटो आकसवायचे, हप्त्यांच्या तारखा सांभाळायच्या, नेट आलं की पाठवायचं. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिच्यातून ३२ बिटांची एआरएम आवृत्ती काढून टाकली. गुगलने २०१९पासून ६४ बिटांची आवृत्ती सक्तीची केली होती. ३२ बिटांची काढा असं म्हटलं नव्हतं, फक्त ६४चीही द्या म्हटलं होतं. आम्ही एक पाऊल पुढे गेलो. फाइल लहान होते, टेस्टिंगचा वेळ वाचतो, आणि रिपोर्टमध्ये ३२ बिटवाल्यांचा रकाना इतका बारीक होता की रंगसुद्धा दिसत नव्हता. बैठक दहा मिनिटांची. मी हात वर केला होता.

त्या दिवाळीत घाटंजी तालुक्यातल्या गावी गेलो. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, वय सत्तरच्या घरात, फोन बाजारातला सर्वांत स्वस्त. त्यांनी फोन पुढे केला. “पाहून दे रे. हे ॲप पह्यले चालत होतं, आता म्हणते तुमच्या फोनसाठी नाही. फोन मेला का?”

फोन मेला नव्हता. फोनच्या खोक्यावर तर ६४ बिट छापलेलं होतं. चिप खरोखरच ६४ बिटांची होती. पण रॅम कमी म्हणून बनवणाऱ्याने तिच्यावर अँड्रॉइड ३२ बिटांचं बसवलेलं. स्वस्त फोनांमध्ये असं सर्रास केलं जायचं. ॲप आमचं नव्हतं, त्याच्या आत आमची लायब्ररी होती की नव्हती हेही मी तपासू शकलो नाही. पण तो निरोप कुठल्या प्रकारच्या बैठकीतून निघतो ते मला ठाऊक होतं.

“मंग काय करू?” मोठेबाबा.

“नवीन फोन घ्या.”

“याले काय झालं? फोन लागते, आवाज येते, फोटो निघते.” आणि मग थोडं थांबून, “तू तं हेच काम करतं ना बापा?”

मुदत दोन दिवसांवर होती. ते दुसऱ्या दिवशी घाटंजीला सेवा केंद्रावर गेले, पैसे भरून फॉर्म भरून आले. एक दिवस आणि एसटीचं भाडं. आमच्या रिपोर्टमध्ये असा दिवस मोजायला रकाना नाही. ॲप बंद पडल्यावर ते वापरणाऱ्यांच्या संख्येतूनच वगळले गेले, म्हणजे पुढच्या तिमाहीत तो बारीक रकाना आणखी बारीक दिसला असणार, आणि आमचा निर्णय आणखी बरोबर ठरला असणार!

यावर माझ्या मित्रांचे मुद्दे ठरलेले आहेत. पहिला, कंपायलर सगळं करतो. कंपायलर भाषांतर करतो, हेतू ओळखत नाही; माझा कापूस हा त्याचा पुरावा. आणखी एक देतो. गेल्या वर्षी खर्च वाचवायला आम्ही सर्व्हर इंटेलवरून एआरएमवर नेले. इंटेलवर एक धागा जर आधी माल ठेवून मग ‘माल आला’ अशी पाटी लावत असेल, तर दुसऱ्या धाग्याला तो क्रम तसाच दिसतो. एआरएम तशी हमी देत नाही. स्पष्ट मागितली तरच देतो. आमच्या लायब्ररीत कुणी मागितलीच नव्हती. हजारो फॉर्मांमागे एखादा रिकामा जायचा, पाटी दिसायची आणि माल नसायचा. शोधायला पाच आठवडे लागले. चूक पहिल्या दिवसापासून होती. इंटेलने ती पदराखाली घेतली होती.

दुसरा मुद्दा, एआय आता एका जातीचा कोड दुसऱ्या जातीत करून देतं. देतं, मीही वापरतो, वेळ वाचतो. पण ते बरोबर चाललं की नाही हे त्या मशीनवर चालवूनच कळतं, आणि ते मशीन टेबलावर नसतं.

तिसरा मुद्दा मात्र मी सहज उडवून लावू शकत नाही : हे फुकट कोण करणार? २०२१च्या फेब्रुवारीत पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीने सुरक्षिततेसाठी काही भाग रस्ट भाषेत न्यायचं ठरवलं. रस्ट जिथे पोचली नव्हती अशा जुन्या, आडवळणाच्या मशीनवाल्यांनी गदारोळ केला. सांभाळणारी माणसं स्वयंसेवक. त्यांनी का म्हणून एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या तीस वर्षं जुन्या प्रोसेसरची चाकरी करावी? मी त्यांच्या बाजूने आहे. डेबियनसारखे प्रकल्प स्वयंसेवेवर इतक्या जाती सांभाळतात हेच नवल आहे. त्यांनीसुद्धा २०२५मध्ये रिस्क-फाइव्हला आत घेतलं आणि इंटेलच्या ३२ बिटांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, चर्चा करून, वर्षभर आधी सांगून. फुकट काम करणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे. मला पगार मिळतो. ज्यांच्या ॲपशिवाय माणसाचा अर्जच भरला जात नाही त्यांना करातून पैसा मिळतो. आम्ही दोघांनी स्वयंसेवकाच्या सबबीमागे लपू नये.

लपायला जागा मात्र मिळते, कारण या कामाला मान नाही. मुलाखतीत मला झाडं उलटी करायला लावली, ग्राफ फिरायला लावले. तुझा कोड दोन जातींच्या मशीनवर चालवून दाखव असं एकदाही कुणी म्हटलं नाही. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘नवीन काय केलं’ असा प्रश्न असतो. ‘पाच ठिकाणी सारखंच चालेल असं ठेवलं’ हे त्यात बसत नाही. कॉलेजांत तर विचारायलाच नको. पण तिथे उपाय सर्वांत स्वस्त आहे. शेवटच्या वर्षाचा प्रत्येक प्रोजेक्ट दोन मशीनवर चालवून दाखवायचा, एक लॅबचा डेस्कटॉप आणि एक रास्पबेरी पाय. दोन्ही ठिकाणी उत्तर सारखं आलं नाही तर का नाही, हे विद्यार्थ्याने सांगायचं. माझे परीक्षक त्या दिवशी हसले नसते आणि ‘का?’ एवढं एकदा विचारलं असतं, तर माझं दीड वर्ष वाचलं असतं. आणि सरकारी पैशातून चिप जाहीर होईल तेव्हा पेटाफ्लॉपच्या शेजारी एक यादी छापा : ओपनब्लास, हार्फबझ, ओपनएसएसएल, एसक्यूलाइट, प्रत्येकीच्या किती टेस्ट या चिपवर पास, किती फेल. फेल असतील तर लाज नाही. यादीच नसेल तर आहे.

मोठेबाबांना मी नवा फोन घेऊन दिला आणि जुना मागून घेतला. त्यांना वाटलं मी तो विकणार. तो आता पुण्यात माझ्या टेबलावर, चार्जरला कायमचा जोडलेला, बॅटरी थोडी फुगलेली. ३२ बिटांची आवृत्ती परत आणायला मॅनेजरने हरकत घेतली नाही, पण वेळही दिला नाही. म्हणून हे काम रात्री होतं. काल फोटोच्या सगळ्या टेस्ट पास झाल्या. तारखांमध्ये अडकलंय. या अँड्रॉइडमध्ये वेळ ३२ बिटांत मोजतात आणि ते माप जानेवारी २०३८ला भरतं. वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता टाकला, १ जानेवारी २०४०. फोन म्हणाला, २५ नोव्हेंबर १९०३.